लेथवरच्या टिपचा भाव कोण ठरवतो?

कापडाच्या व्यापाऱ्याला सुताचा भाव विचारायला कुठे जावे लागत नाही. दुकानाचे शटर वर जाण्याआधी दलालाचा फोन येतो. चाळीस काउंट काय भाव, साठ काउंट काय भाव, दुपारपर्यंत बाजार चढेल की बसेल, सारे कळते. पण त्याच बाजाराच्या मागच्या गल्लीत लूमचे शाफ्ट, गिअर आणि बुश बनवून देणारा जो लेथवाला कारागीर असतो, त्याला त्याच्या धंद्यात लागणाऱ्या मालाचा भाव कोणी सांगत नाही. दुकानदार जो आकडा बोलेल तोच त्याचा बाजारभाव.

२०२५ च्या अखेरीस भिवंडीतील एका वर्कशॉपमध्ये बसलो होतो. तेथील उस्तादांचे हात चाळीस वर्षे लेथवर आहेत. चहा पुढे सरकवत ते म्हणाले, "भाई, तुमच्या सुताचा भाव रोज निघतो. आमच्या टिपचा भाव कुठे निघतो, ते एकदा सांगा. जानेवारीत मी एका कारखान्याशी वर्षाचा रेट बांधला. त्यानंतर टिपचा डबा तीनदा महागला. माझा रेट तोच. विचारले तर दुकानदार म्हणतो, चीनने माल अडवला. चीनने माल अडवला, तर माझ्या मुलांच्या ताटातली भाकरी का कमी व्हावी?"

लेथच्या खाली तेलाचा एक जुना डबा होता. त्यात घासलेल्या टिपांचा ढीग पडला होता. त्या कुठे जातात असे विचारले, तर उस्ताद म्हणाले, "भंगारवाला येतो, लोखंडाबरोबर घेऊन जातो."

तेव्हा लक्षात आले की या माणसाचे दोन्हीकडून नुकसान होत आहे. घेताना तो डोळे मिटून घेतो आणि विकतानाही डोळे मिटूनच विकतो. लेथ, मिलिंग, डाय-मोल्ड आणि भंगार या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. म्हणून या विषयाची जेवढी माहिती मिळवता आली, ती वाचकांपुढे ठेवत आहे.

जड दगडाची गोष्ट

आपण जिला टिप किंवा 'विडिया' म्हणतो तिचा जीव टंगस्टन या धातूत आहे. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'जड दगड' असा होतो. १७८१ मध्ये स्वीडनच्या शील या शास्त्रज्ञाने या दगडातून नवे आम्ल वेगळे काढले आणि १७८३ मध्ये स्पेनमधील एलुयार बंधूंनी प्रत्यक्ष धातू मिळवला. हा धातू वजनाला जवळजवळ सोन्याइतका जड आहे. तो वितळायला ३४०० अंश सेल्सियसहून जास्त उष्णता लागते. इतकी उष्णता दुसऱ्या कोणत्याही धातूला लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेलर आणि व्हाइट यांनी पोलादात टंगस्टन घालून आणि त्याला विशेष पाणी देऊन हायस्पीड स्टीलचे टूल तयार केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते टूल टोक लाल होईपर्यंत तापले तरी कापत राहिले आणि पाहणारे थक्क झाले. जुन्या हायस्पीड टूलमध्ये १८ टक्के टंगस्टन असे. दुसऱ्या महायुद्धात टंगस्टनची टंचाई झाली, तेव्हा त्याची जागा बऱ्याच अंशी मॉलिब्डेनमने घेतली. आज सर्रास मिळणाऱ्या एम-२ जातीच्या टूलमध्ये टंगस्टन सुमारे ६ टक्के असते.

पुढची मोठी झेप जर्मनीत झाली. विजेच्या दिव्याची टंगस्टनची तार ओढण्यासाठी कठीण डाय हवी होती. हिऱ्याची डाय फार महाग पडे. १९२३ च्या सुमारास ओस्राम कंपनीतील कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडच्या भुकटीत कोबाल्ट मिसळून ती दाबली आणि भाजली. त्यातून जो पदार्थ निघाला, तो क्रुप कंपनीने १९२६ पासून 'विडिया' या नावाने बाजारात आणला. जर्मन भाषेतल्या 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या शब्दांचे ते संक्षिप्त रूप. १९६० च्या दशकात ही कंपनी बंगळूरला आली आणि आपल्या कारागिरांच्या तोंडी 'विडिया' हा कंपनीचा नव्हे, तर वस्तूचाच शब्द झाला. पुण्यात सँडविक कंपनीनेही १९६० मध्येच पाय रोवले.

हायस्पीड स्टीलची धार ६०० अंशांच्या आसपास नरम पडू लागते. कार्बाइडची धार त्याहून कितीतरी जास्त उष्णतेत टिकते. म्हणून ज्या पोलादावर हायस्पीडचे टूल मिनिटाला २५-३० मीटर चालते, तेथे कार्बाइड दीडशे-दोनशे मीटर चालते.

भाव निघतो कुठे

आता उस्तादांच्या प्रश्नाकडे येऊ. खाणीतून दगड निघतो. तो दळून, धुऊन त्याचा गाळीव माल करतात. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून पांढरी भुकटी बनते. तिला अमोनियम पॅराटंगस्टेट म्हणतात आणि बाजारात तिचे नाव 'एपीटी' आहे. एपीटीपासून टंगस्टनची भुकटी, तिच्यात कार्बन मिसळून कार्बाइड आणि कार्बाइडमध्ये कोबाल्ट घालून टिप तयार होते. सुताला कांजी जे काम करते, तेच येथे कोबाल्ट करतो. तो कण कणाला धरून ठेवतो. दाबलेली टिप सुमारे १४०० अंशांच्या भट्टीत भाजली की प्रत्येक बाजूने जवळजवळ पाचवा हिस्सा आखडते आणि मग तिला दगडालाही न जुमानणारा कठीणपणा येतो.

जगाचा सौदा या एपीटीच्या भावावर चालतो. हा भाव डॉलरमध्ये, 'मेट्रिक टन युनिट' या मापावर बोलतात. नाव मोठे असले तरी माप सोपे आहे. एक युनिट म्हणजे १० किलो टंगस्टन ऑक्साइड आणि त्यात शुद्ध टंगस्टन सुमारे ७.९३ किलो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपच्या बाजारात हा भाव एका युनिटला साडेतीनशे डॉलरच्या आतबाहेर होता. वर्ष संपेपर्यंत तो दुपटीच्याही पुढे गेला.

हा हिशेब आपण कागदावर मांडून पाहू. भाव ३४० डॉलर धरला तर शुद्ध टंगस्टन किलोला सुमारे ४३ डॉलर पडते. डॉलरला ८५ रुपये धरा. नेहमीच्या वापरातील सीएनएमजी १२०४०८ या टिपचे वजन साधारण ९ ग्रॅम असते आणि त्यात सुमारे ८ ग्रॅम टंगस्टन असते. म्हणजे टिपमधील टंगस्टन जेमतेम २९ रुपयांचे. भाव दुप्पट झाला तर ५८ रुपयांचे. भुकटी करण्याचा खर्च आणि कोबाल्ट त्यावर वेगळा.

आता १२ मिलिमीटर जाडीचे, ७५ मिलिमीटर लांबीचे सॉलिड कार्बाइडचे एंड मिल घ्या. ज्या रॉडमधून ते घासून काढतात, त्याचे वजन सुमारे १२० ग्रॅम आणि त्यात टंगस्टन सुमारे १०० ग्रॅम. जुन्या भावाने हे टंगस्टन ३६५ रुपयांचे, दुप्पट भावाने ७३० रुपयांचे.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. एक, धातूची तेजी टिपपेक्षा सॉलिड ड्रिल आणि एंड मिल यांना फार जास्त लागते, कारण त्यांत माल जास्त आहे. टिपच्या किमतीत मोठा हिस्सा धातूचा नसून घडणावळीचा, कोटिंगचा आणि नावाचा असतो. दोन, दुकानदार टिपमागे शंभर रुपये वाढवून "टंगस्टन महागले" म्हणत असेल, तर त्याला शांतपणे विचारता येते की बाबा, ९ ग्रॅमच्या मालात शंभर रुपये कसे वाढले? भांडायची गरज नाही. हिशेब ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाशी व्यापारी वेगळे बोलतो, हा आमच्या कापड बाजाराचा जुना अनुभव आहे.

एका देशाच्या मुठीत

भाव एवढा का चढला? कारण माल जवळजवळ एकाच देशाच्या हातात आहे. जगात खाणीतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के चीनमध्ये निघते. तेथील जियांगशी आणि हुनान या प्रांतांत मोठ्या खाणी आहेत. दरवर्षी किती माल काढायचा, याचा कोटा तेथील सरकार ठरवते. २०२४ च्या पहिल्या हप्त्यात ६२ हजार टन गाळीव मालाची परवानगी होती. २०२५ च्या पहिल्या हप्त्यात ती ५८ हजार टनांवर आणली गेली. त्याआधी ४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीनने टंगस्टन, मॉलिब्डेनम, बिस्मथ, टेल्युरियम आणि इंडियम यांच्याशी संबंधित मालाच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. एपीटी त्यात आले. ही सरसकट बंदी नव्हती. पण कोणाला माल जाणार, तो कशासाठी वापरला जाणार, हे सांगून परवाना घ्यायचा म्हटल्यावर माल उशिरा निघू लागला आणि ज्यांच्याकडे साठा होता त्यांनी हात आखडता घेतला.

हे आजचे नाही. १९८० च्या दशकात चीनचा स्वस्त माल जगभर पसरला. तेव्हा सगळ्यांना बरे वाटले. पण त्या स्वस्ताईत इतर देशांच्या खाणी एकेक करून बंद पडल्या. दक्षिण कोरियातील सांगडोंगची नावाजलेली खाण १९९४ मध्ये बंद झाली. अमेरिकेत २०१५ नंतर खाणीतून टंगस्टन निघणेच थांबले. चीनने निर्यातीवर कोटा आणि कर लावले, तेव्हा अमेरिका, युरोपीय संघ आणि जपान २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. २०१४ मध्ये निकाल चीनच्या विरोधात लागला आणि पुढच्या वर्षी ते कोटे उठले. पण तोवर दुसरीकडच्या खाणी बंद पडल्या होत्या, आणि बंद पडलेली खाण पुन्हा चालू करायला वर्षानुवर्षे लागतात. सांगडोंग पुन्हा उभी करण्याचे काम असेच कित्येक वर्षे चालले.

आपल्या यंत्रमागवाल्यांना यातला धडा समजावून सांगायला नको. एकाच गिरणीचे सूत स्वस्त म्हणून सगळ्यांनी तेच घ्यायचे, बाकीच्या गिरण्या बंद पडू द्यायच्या आणि मग ती गिरणी जो भाव बोलेल तो मुकाट्याने द्यायचा, असा हा प्रकार आहे.

त्यात कोबाल्टची भर पडली. जगातील बहुतेक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशातून येतो. भाव फार पडले म्हणून त्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्यात थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. म्हणजे टिपमधला धातूही महागला आणि त्याला धरून ठेवणारी कांजीही महागली.

आपल्या मातीत काय आहे

भारतात टंगस्टन नाही असे नाही. राजस्थानात नागौर जिल्ह्यातील डेगाना येथे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून खाणकाम झाले. स्वस्त चिनी मालापुढे ते परवडेना आणि १९९० च्या दशकात ती खाणही बंद पडली. आपल्या महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील कुही, खोबना आणि आगरगाव या पट्ट्यात टंगस्टनचे साठे सापडलेले आहेत. कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातही आहेत.

अडचण दगडाच्या प्रतीची आहे. २०१५ च्या सरकारी नोंदीप्रमाणे देशात सुमारे ८ कोटी ७४ लाख टन धातुक आहे, पण त्यात टंगस्टन ऑक्साइड आहे फक्त १ लाख ४२ हजार टन. म्हणजे हजार किलो दगड फोडला तर सरासरी दीड-पावणेदोन किलो ऑक्साइड. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० अत्यावश्यक खनिजांची यादी केली, त्यात टंगस्टन आहे. जानेवारी २०२५ मध्ये या खनिजांसाठी राष्ट्रीय मिशनला मंजुरी मिळाली. पण त्याच महिन्यात तामिळनाडूत मदुराईजवळील नायकरपट्टी येथील टंगस्टन खाणीचा लिलाव केंद्राला रद्द करावा लागला. तेथील गावकरी आपली शेती, तळी आणि डोंगर वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. त्यांचे म्हणणे चूक होते असे कोण म्हणेल? खाण म्हणजे कोणाचे तरी गाव असते. सांगायचे एवढेच की देशी खाणीतून उद्या सकाळी स्वस्त माल येईल, या आशेवर वर्कशॉप चालवता येणार नाही.

कारागिराच्या हातात काय आहे

बीजिंगचा कोटा आपल्या हातात नाही. पण लेथचे चाक आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट, टिपचा भाव टिपवर न काढता धारेवर काढावा. सीएनएमजी टिपला दोन्ही बाजू मिळून ८० अंशांच्या ४ धारा असतात, डब्ल्यूएनएमजी आणि टीएनएमजीला ६ आणि चौकोनी एसएनएमजीला ८. समजा दोन्ही टिपा ३०० रुपयांच्या आहेत. चार धारांच्या टिपची एक धार ७५ रुपयांना पडते, सहा धारांची ५० रुपयांना. काप फार खोल नसेल तर सहा धारांची टिप का घेऊ नये? सीएनएमजीच्या चार धारा संपल्यावरही तिचे १०० अंशांचे कोन शिल्लक असतात. ते वापरणारे होल्डर मिळतात आणि ओबडधोबड कापासाठी ते चांगले चालतात.

दुसरी गोष्ट, सगळ्या कामाला एकच टिप लावू नये. टिपच्या डब्यावर रंगाची खूण असते. निळा रंग पोलादासाठी, पिवळा स्टेनलेससाठी, लाल बिडासाठी, हिरवा अॅल्युमिनियम-पितळेसाठी, नारिंगी किंवा तपकिरी उष्णतेला न जुमानणाऱ्या मिश्रधातूंसाठी आणि राखाडी पाणी दिलेल्या कठीण पोलादासाठी. बिडाची टिप स्टेनलेसवर चालवली तर ती पाच मिनिटांत धार टाकते आणि दोष मात्र कंपनीच्या नावावर जातो.

तिसरी गोष्ट वेगाची. ज्या टेलरचा उल्लेख वर आला, त्याने २६ वर्षे धातू कापण्याचे प्रयोग केले आणि १९०६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. त्याचे सार असे की वेग थोडा वाढला तरी टूलचे आयुष्य फार घटते. कार्बाइडसाठी नेहमी धरला जाणारा आकडा घेतला, तर वेग १० टक्के कमी केल्यावर टिप दीडपट टिकते आणि २० टक्के कमी केल्यावर जवळजवळ अडीचपट. पण याला मर्यादा आहे. वेग फार उतरवला की धातू धारेला चिकटू लागतो आणि धार उपटून नेतो. शिवाय मशीनचा आणि माणसाचा वेळही पैशाचाच असतो. टिप स्वस्त असताना पळवणे परवडत होते. टिप महाग झाल्यावर कोणता वेग परवडतो, हे प्रत्येकाने आपल्या जॉबवर आठवडाभर वही ठेवून पाहावे.

चौथी गोष्ट, हायस्पीडच्या टूलला कमी लेखू नये. जुन्या पट्ट्याच्या लेथवर २० मिलिमीटरचा जॉब ८०० फेऱ्यांवर फिरवला, तरी वेग मिनिटाला ५० मीटरच होतो. कार्बाइडला हा वेग पुरत नाही. अशा बारीक कामाला चांगले धारदार केलेले हायस्पीडचे टूल उत्तम काम देते. आपल्या वडीलधाऱ्या उस्तादांना टूल घासण्याचा जो हुन्नर होता, तो आता शागिर्दांनी पुन्हा शिकून घ्यावा.

पाचवी गोष्ट, कठीण धातूची. ईएन-३१ सारखे पोलाद पाणी दिल्यावर ६० रॉकवेलच्या आसपास कठीण होते. त्यावर साधी कार्बाइड टिप म्हणजे चाकूने नारळ फोडणे. तेथे सीबीएन चालते. हा पदार्थ १९५७ मध्ये अमेरिकेत प्रथम बनवला गेला आणि कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल त्याचा नंबर लागतो. सीबीएनची टिप घेताना महाग वाटते, पण जॉबमागे खर्च काढला तर पुष्कळदा ती स्वस्त पडते. हिऱ्याचे टूल मात्र पोलादावर चालवू नये. तापलेले लोखंड हिऱ्यातला कार्बन खाऊन टाकते. ते अॅल्युमिनियमसाठी ठेवावे.

डब्यातला माल

आता त्या तेलाच्या डब्याकडे वळू. घासलेल्या टिपचा कोपरा झिजतो, टंगस्टन कुठे जात नाही. ९ ग्रॅमच्या टिपमधून झिजून जाते ते नखाएवढेही नसते. शंभर-सव्वाशे टिपा म्हणजे एक किलो आणि त्या एका किलोत आठशे ग्रॅमच्या वर टंगस्टन असते. तेवढे टंगस्टन आपल्या देशातील सरासरी धातुकातून काढायचे तर सहाशे किलोच्या वर दगड फोडावा लागेल. खरी खाण लेथच्या खाली त्या डब्यात आहे आणि आपण ती लोखंडाच्या भावाने देऊन टाकतो.

जगात वापरल्या जाणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे एक तृतीयांश भंगारातूनच परत येते. एका पद्धतीत टिपा वितळलेल्या जस्तात ठेवतात. जस्त कोबाल्टमध्ये शिरते, टिप फुगून ठिसूळ होते, मग जस्त उडवून देतात आणि कार्बाइडची भुकटी परत मिळते. दुसऱ्या पद्धतीत रसायनांनी पुन्हा एपीटी बनवतात. त्यामुळे कार्बाइड भंगाराचा भाव एपीटीच्या भावामागे चालतो. एपीटी चढले की भंगार चढते.

म्हणून कारागिरांनी आणि भंगारवाल्या बांधवांनी काही गोष्टी पाळाव्यात. टिपा, सॉलिड ड्रिल-एंड मिल आणि पितळेने जोडलेल्या जुन्या विडिया टिपा वेगवेगळ्या ठेवाव्यात, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. हायस्पीडचे तुकडे त्यात मिसळू नयेत. ओळख सोपी आहे. हायस्पीडला लोहचुंबक घट्ट धरते, कार्बाइडला हलकेच. आणि त्याच आकाराचा कार्बाइडचा तुकडा हातात जवळजवळ दुप्पट जड लागतो. सर्मेटच्या टिपा दिसायला तशाच, पण हलक्या असतात. त्याही बाजूला काढाव्यात. तेल-माती धुऊन माल सुकवावा. विकण्याआधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा आणि तो किलोवर, आपल्यासमोर वजन करून द्यावा.

कागदपत्रही सांभाळावे. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारासाठी जीएसटीचे नवे नियम आले आहेत. नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने भंगार घेतले, तर कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. महाग माल बिलाशिवाय फिरू लागला की चोरीचा संशय आधी गरिबावर येतो. म्हणून छोट्या भंगारवाल्यानेही कोणाकडून काय घेतले, याची वही ठेवावी. आणि ज्याला मालाची किंमत ठाऊक आहे, त्याने न जाणणाऱ्या कारागिराकडून तो लोखंडाच्या भावाने घेऊ नये. अशा नफ्यात बरकत नसते.

एक इशारा द्यायला हवा. कार्बाइड कोरडे घासताना जी बारीक धूळ उडते, तिच्यातील कोबाल्ट फुप्फुसांना कायमचे जखडणारा आजार देऊ शकतो. पाणी सोडून घासावे, मास्क लावावा, धूळ ओढणारा पंखा लावावा आणि घासण्याच्या मशीनजवळ लहान मुलांना बसू देऊ नये.

रेट बांधताना

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट रेटची. मोठ्या कारखान्याला टूलचा खर्च एकूण खर्चात किरकोळ वाटतो. पण जॉब वर्क करणाऱ्याचे तसे नसते. लोखंड गिऱ्हाइकाचे असते. कारागिराच्या बिलात असते ती फक्त मजुरी, वीज, भाडे आणि टिप. समजा एका नगाला ४० रुपये मिळतात, टिपचा खर्च ४ रुपये पडतो आणि सगळे जाऊन ६ रुपये उरतात. टिपचा खर्च ४ चा ७ झाला, तर गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, पण कारागिराची निम्मी कमाई गेली.

म्हणून वर्षाचा रेट बांधताना एक ओळ लिहून घ्यावी: टिपच्या खरेदी भावात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर रेट पुन्हा बसून ठरवला जाईल. भाव उतरला तर गिऱ्हाइकाला फायदा, चढला तर कारागिराला आधार. सोबत टिपच्या खरेदीची बिले तारखेप्रमाणे जपून ठेवावीत. तोंडी तक्रारीपेक्षा तीन बिले जास्त बोलतात. एका गल्लीतील पाच-सहा वर्कशॉपवाल्यांनी मिळून टिपा घेतल्या आणि भंगारही मिळून विकले, तर दोन्हीकडे भाव चांगला मिळेल. यंत्रमागवाले सूत असे घेतात, मग लेथवाल्यांनी टिपा अशा का घेऊ नयेत?

ही सारी माहिती घेऊन मी पुन्हा उस्तादांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. चीन, काँगो, एपीटी यांवर फक्त मान हलवली. पण नऊ ग्रॅम आणि आठ ग्रॅमचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी शागिर्दाला हाक मारली, लेथखालचा डबा काढायला लावला आणि तराजूवर ठेवला. सव्वाअकरा किलो भरला. उस्ताद बराच वेळ त्या काट्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "असे किती डबे दिले असतील मी, चाळीस वर्षांत."

गेलेल्या डब्यांचा हिशेब आता होणार नाही. पुढच्या डब्याचा होऊ शकतो. तो डबा आता लेथखाली नाही, कुलपाच्या कपाटात आहे. आणि नव्या वर्षाचा रेट बांधायला जाताना उस्तादांच्या खिशात टिपच्या खरेदीची तीन बिले होती.